गालातली कळ आणि पहाटेचा वारा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 58. मखमलाबादला राहते, भाजीचा धंदा आहे. पहाटे पाचला स्कूटीवरून पंचवटीच्या मार्केट यार्डात माल घ्यायला जाते. दिवाळीनंतर गार वारा तोंडावर आला की उजव्या दाढेपासून कानापर्यंत कळ जाते, करंट बसल्यासारखी. दहा-पंधरा सेकंदांत थांबते, पण जीव नकोसा होतो. दात घासताना, चूळ भरतानाही तेच. दाढ किडली असेल म्हणून एक काढून घेतली. दाढ गेली, पैसे गेले, कळ तिथेच. सून ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगते, पण गालाला कापड टेकलं तरी कळ निघते. थंडी सरली की थांबेल ना?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझी आत्या आठवली. निफाडच्या थंडीत ओसरीवर बसायची ती पदर उजव्या गालापासून चार बोटं लांब धरून. चहा पार निवला की बशीतून डावीकडून ओढायची. कुणाशी बोलायची नाही. आम्ही पोरं म्हणायचो, आत्या रुसली. बोललं की कळ यायची, हे मला डॉक्टर झाल्यावर उमगलं.

पत्रावरून निदान करू नये, तरी तुमचं वर्णन ट्रायजेमिनल न्युराल्जियाकडे, म्हणजे ट्रायजेमिनल नावाच्या नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतं. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या या नसेला तीन फांद्या असतात : कपाळाची, गाल आणि वरच्या जबड्याची, खालच्या जबड्याची. म्हणून दाढ दुखतेय असंच वाटतं. धडधाकट दाढ गमावणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. बऱ्याच जणांत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेला घासत असते. वायरवरचं प्लास्टिक सोलवटावं तसं नसेचं आवरण झिजतं. मग साधा स्पर्शही कळ होऊन उमटतो. म्हणजे वारा फक्त बटण दाबतो, बिघाड आत आहे.

थंडी सरल्यावर कदाचित थांबेलही. हा आजार महिनोन्महिने दडी मारतो आणि परत येतो. त्यामुळे होळीपर्यंत वाट बघू नका, न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा एमआरआय सांगतील. नस कशाने दाबली जातेय का, गाठ वगैरे नाही ना, हे त्यात बघतात. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. सहसा कार्बामॅझेपिन देतात. ती मूळची फिटची गोळी, मेडिकलवाल्याने तसं सांगितलं तर दचकू नका. थोड्या डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला गरगरतं, झोप येते, तेव्हा ते दिवस स्कूटी मुलाच्या हाती द्या. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, कारण सोडियम उतरू शकतं. बरं वाटलं म्हणून स्वतःहून गोळी बंद करायची नाही. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशनही आहे, पण ते पुढचं पुढे.

तोवर काचेचं मोठं हेल्मेट घ्या. आतली गादी गालाला घासत नाही ना, ते दुकानातच घालून बघा. घट्ट मफलर नको. चूळ कोमट पाण्याने भरा, घास डावीकडे चावा. गाल कायमचा बधिर राहिला, तोंड वाकडं झालं किंवा गालावर पाण्याचे फोड आले, तर प्रकरण वेगळं असतं. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आणि सूनबाईंची पुरचुंडी फेकू नका. पहाटे पाचला स्कूटी हाकता म्हणजे गुडघेही कुरकुरत असणार, तिथे शेका.