कमी सोडिअमचं मीठ आणि बाईंचा रिपोर्ट

"डॉक्टर, आज एक गोष्ट चांगली म्हणतात, उद्या तीच वाईट. आम्ही खायचं तरी काय?" बीपीची गोळी लिहून घेताना, नातवाला लस द्यायला आणलेलं असताना, कधी कधी तर चपला घालता घालता दारातून हा प्रश्न येतो. विचारणाऱ्यांचा रोख बहुधा असा असतो की या बातम्याच खोट्या. काही असतातही. पण दवाखान्यात मला जास्त धास्ती वाटते ती खऱ्या बातमीची, जी घरापर्यंत अर्धीच पोचते. का, ते एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय ६१. सोलापुरात आमच्या भागात लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही. बीपी जुनं, मधुमेह त्यानंतरचा. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. गोळी कधी चुकवायच्या नाहीत, त्यामुळे मध्यंतरी बरेच महिने फक्त गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मुलगाच येत होता. त्या दिवशी सून त्यांना घेऊन आली. थकवा, जिना चढताना पाय जड होणं, आणि चार महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलेलं.

"आईंनी एकेक करत सगळंच सोडलंय," सून म्हणाली. "आधी अंडी बंद केली. मग दूध. मग चहा. शेंगदाण्यात तेल असतं म्हणून शेंगाची चटणी बंद. आता आमटीसुद्धा वरचं पाणीच घेतात."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मी काही मनाचं करत नाही. वाचून करते."

आणि त्यांनी पिशवीतून एक वही काढली. यजमानांची जुनी हिशेबाची वही. प्रत्येक पानावर वर्तमानपत्राचं कात्रण नीट चिकटवलेलं, कोपऱ्यात तारीख, आणि जे सोडायचं त्याखाली लाल रेघ. मोबाइलवर आलेले मजकूर त्यांनी हाताने उतरवून काढले होते, त्याच सुबक शाळेच्या अक्षरात. शेवटी शेवटी लाल रेघांची संख्या वाढत गेलेली दिसत होती. आरंभाच्या पानांवर "कमी करावे" असं लिहिलेलं, मागच्या पानांवर नुसतं "बंद".

एका पानावर मात्र हिरवी रेघ होती. बातमी कमी सोडिअमच्या मिठाची: हे मीठ वापरल्याने पक्षाघाताचा धोका कमी होतो. घरात तेच मीठ आणायला लागून तीन महिने झाले होते. "थोडं कमी खारट लागतं, म्हणून पानात वरून घेतात," सून म्हणाली. शिवाय मिठाविना अशक्तपणा नको म्हणून रोज एक शहाळं. आणि खोदून विचारल्यावर आणखी एक गोष्ट निघाली: गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, "अधूनमधून".

हे ऐकल्यावर मी वही बाजूला ठेवली आणि आधी रक्त काढायला सांगितलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनीन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते, १.४, किडनीच्या गाळण्याचा अंदाज, म्हणजे रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून येतो तो, ४३, आणि पोटॅशिअम ५.९. पोटॅशिअम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, म्हणून लगेच दुसऱ्या लॅबमध्ये नमुना पाठवला. ५.८. ईसीजी सुदैवाने ठीक होता. पोटॅशिअम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर अनेकदा थकव्याशिवाय काही जाणवतही नाही. फिजिशियनशी फोनवर बोलून ते मीठ, शहाळं आणि वेदनाशामक त्याच रात्री बंद केलं. टेल्मिसार्टन काही दिवस थांबवून त्या जागी अ‍ॅम्लोडिपिन दिलं. पाच दिवसांनी पोटॅशिअम ५.१ आलं, पुढच्या तपासणीत ४.६. किडनीची पुढची तपासणी फिजिशियनकडे सुरू झाली.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की बातमी चुकीची होती. नव्हती. त्या बातमीमागचा अभ्यास चीनमधला आहे, २०२१ साली प्रसिद्ध झालेला आणि अतिशय मोलाचा. ६०० खेडी, जवळपास २१ हजार माणसं, पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात पाऊण भाग सोडिअम क्लोराइड आणि पाव भाग पोटॅशिअम क्लोराइड. दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरच्या मिठाऐवजी असं मीठ वापरावं अशी सशर्त शिफारस केली. म्हणजे बाईंनी वाचलं ते खरंच होतं.

पण त्याच अभ्यासात किडनीचा गंभीर आजार सांगणाऱ्यांना आणि पोटॅशिअम अंगात राखून ठेवणारी औषधं घेणाऱ्यांना मुळातच घेतलं नव्हतं. संघटनेची शिफारससुद्धा गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि किडनी कमजोर असलेल्यांना वगळूनच आहे. जादा पोटॅशिअम बाहेर टाकायचं काम किडनी करते. बाईंची किडनी मधुमेह आणि बीपीमुळे आधीच थकलेली. टेल्मिसार्टनसारखी औषधं हृदयाला आणि किडनीला उपकारक असली तरी पोटॅशिअम थोडं वाढवतात. वेदनाशामकाने किडनीवर आणखी भार. त्यात पाव भाग पोटॅशिअमचं मीठ ५ ग्रॅम खाल्लं तरी साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशिअम जास्तीचं जातं, आणि बाई तर वरून घेत होत्या, वर रोज शहाळं, ज्याच्या पाण्यातही पोटॅशिअम भरपूर. यातली एकही गोष्ट एरवी विष नाही. या शरीरात त्या सगळ्या एकत्र आल्या.

"वगळलेली माणसं" हा भाग बातमीत कुठे होता? कात्रण मी दोनदा वाचलं. नव्हताच. पाकिटावर मात्र मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोटॅशिअम क्लोराइड छापलेलं होतं. ते वाचून स्वतःच्या गोळीशी त्याचा संबंध जोडणं, ही अपेक्षा मी कुठल्याही रुग्णाकडून करणार नाही.

तब्येत मार्गावर आल्यावर खरं समुपदेशन सुरू झालं. ही वही फेकून द्या असं सांगणं सोपं होतं. माझ्या मते ते चूक ठरलं असतं. आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलेल्या माणसाला वाचू नका म्हणणं हा अपमान आहे, आणि घाबरलेला माणूस तेवढ्याने थांबतही नाही; तो लपवून वाचतो. म्हणून मी विचारलं, "बाई, हे सगळं सुरू कधी झालं?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. थोरल्या बहिणीला पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. शेवटचे कित्येक महिने बाईंनीच तिचं सगळं केलं. "तिच्या तोंडात मी चमच्याने पाणी घालायचे, डॉक्टर. मला कुणाच्या हातचं पाणी प्यायची वेळ येऊ नये, एवढंच." सून शेजारीच बसली होती. ती इतकंच म्हणाली, "आई, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

त्या वहीतलं पहिलं कात्रण बहिणीच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यातलं होतं.

अशा भीतीला मी आहाराच्या माहितीने उत्तर देत नाही, आधी भीतीलाच देते. बहिणीचं बीपी कधी तपासलेलंच नव्हतं, गोळी नव्हती, आणि त्यांना तंबाखूची मिश्री होती. बाईंचं बीपी बारा वर्षं गोळीवर आटोक्यात आहे. पक्षाघात टाळण्यासाठी माणसाच्या हातात जे असतं त्यातलं सगळ्यात मोठं काम त्या रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर करत आल्या आहेत. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग आम्ही वही उघडली. लाल पेन त्यांच्याकडेच दिलं आणि प्रत्येक कात्रणाशेजारी दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: हे कुणासाठी सांगितलंय, आणि कुणाला सोडून. जिथे बातमीत उत्तर नाही तिथे प्रश्नचिन्ह. पहिल्याच पानावर प्रश्नचिन्ह आलं. पुढे येतच राहिलं.

गोडीच्या गोळ्यांचं पान घ्या. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन उतरवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरू नये. बाईंनी त्याच दिवशी चहातली गोळी बंद केली आणि काही दिवस साखर घातली! त्या शिफारशीत आधीपासून मधुमेह असलेल्यांना वगळलेलं आहे. त्यानंतर जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेम ही कृत्रिम गोडी "कर्करोगकारक असू शकतं" अशा पदार्थांच्या गटात गेल्याची बातमी आली. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. आणि त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ६० किलोंच्या माणसाला ती ओलांडायला चहात टाकायच्या गोळ्या दिवसाला शंभराच्या वर लागतील. बाई दोन घेत होत्या. (मी स्वतः रुग्णांना हळूहळू अगोड चहाचीच सवय लावायला सांगते, पण ती भीतीपोटी नाही.)

चहाचं पान तर मला मनापासून लागलं. मे २०२४ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबादच्या पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं होतं, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. कात्रणाचा मथळा मात्र चहा घातक असल्यासारखा. बाईंनी चहा सोडला. चार वाजताचा चहा म्हणजे शेजारच्या दोघी-तिघी आणि अंगणातला कट्टा. चहा नको म्हणताना अवघडायला होतं म्हणून कट्टा सुटला, मग भिशी सुटली. एकसष्टाव्या वर्षी माणसात बसणं सोडणं हे एक कप चहापेक्षा कितीतरी महाग आहे. चार वाजताचा चहा जेवणापासून लांबच असतो, हे त्यांनी स्वतःच त्या पानावर लिहिलं.

अंड्याचं थोडक्यात: अमेरिकेच्या आहारसूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा होती, ती २०१५-२०२० च्या आवृत्तीतून काढली गेली. बाईंचं कात्रण त्याआधीच्या विचाराचं होतं. किडनीकडे बघून प्रथिनांचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घेतलं. त्यात एक अंडं, दही आणि घट्ट आमटी परत आली.

वही संपत आली तेव्हा बाई म्हणाल्या, "पाचवीचं गणित पहिलीच्या पोराला दिलं तर गणित चुकत नाही, पोर रडतं. तसं झालं हे." मी यात भर घालायला काही ठेवलं नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या गोळीचं नाव 'सार्टन' किंवा 'प्रिल' ने संपतं (लोसार्टन, ओल्मेसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल), जे स्पायरोनोलॅक्टोन घेतात, ज्यांना मधुमेह आहे किंवा क्रिएटिनीन वाढलेलं आहे, त्यांनी कमी सोडिअमचं मीठ आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि पोटॅशिअम तपासून घ्यावं. आणि हे वाचून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती तुमचं रक्षण करते. बदलायचं आहे ते मीठ.

बाईंच्या घरात यावरून एक छोटा पेच उभा राहिला. मुलगा ३६ वर्षांचा, बीपी काठावर, किडनी उत्तम, कुठलीही गोळी नाही. "मग मला ते मीठ चालेल का?" चालेल, त्याच्यासाठी ती बातमी योग्यच आहे. पण आमटी एकाच पातेल्यात शिजते. म्हणून घरात साधं आयोडिनयुक्त मीठच ठेवायचं आणि तेच कमी करायचं ठरलं. मी सुनेला विचारलं, किराण्यात महिन्याला मीठ किती? दीड किलो. चार माणसांत वाटलं तर माणशी रोजचे साडेबारा ग्रॅम, आणि सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमची, म्हणजे लहान चमचाभर. आता पुडा फोडताना त्यावर तारीख लिहितात. कणकेतलं मीठ बंद झालं, भाताचं बंद झालं, ताटातली मिठाची वाटी उचलली. गेल्या खेपेला किलोचा पुडा महिनाभर पुरला, म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या थोडं वर. लोणचं आणि बेकरीची खारी या हिशेबात धरलेली नाहीत. खारी मुलगा आणतो, तेव्हा पुढच्या खेपेला त्यालाच बोलावलं आहे.