मित्राच्या सातबाऱ्यावर आपले पैसे?

प्रश्न : माझा बालमित्र खातेदार शेतकरी आहे, आमच्या घरात कुणाच्याच नावावर शेती नाही. मुळशीकडे २० गुंठे शेतजमीन २४ लाखांना मिळतेय. निम्मे पैसे मी द्यायचे, खरेदी त्याच्या नावावर करायची आणि आपसात ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून ठेवायची, असं तो म्हणतो. पुढे विकून नफा निम्मा-निम्मा. उतरू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अशा पद्धतीनं मुळीच उतरू नका. मित्र कितीही सच्चा असो, व्यवहाराची बांधणीच चुकीची आहे. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ती अट चुकवायला पैसे तुमचे आणि नाव त्याचं केलंत, तर व्यवहार बेनामी ठरू शकतो. त्याची शिक्षा १ ते ७ वर्षं सक्तमजुरी, वर बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता सरकारजमा. पैसे आपण दिले म्हणून मालकी मागायला कोर्टातही जाता येत नाही. नोटरीचा कागद तुम्हाला वाचवणार नाही, उलट तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल. मित्राचं काही बरंवाईट झालं तर सातबाऱ्यावर त्याची बायको, मुलं, आई वारस म्हणून लागतील. तुमचं नाव कुठेच नसेल.

दोघांनी मिळून घ्यायचंच असेल तर मंजूर लेआउटमधला एनए (बिगरशेती) प्लॉट बघा. खरेदीखतात दोघांची नावं आणि हिश्श्याची टक्केवारी हवी. टक्केवारी लिहिली नाही आणि कुणी किती भरले याचा पुरावाही नसला, तर हिस्से सारखे धरतात. तुमची रक्कम तुमच्याच खात्यातून थेट विकणाऱ्याला जाऊ द्या, मित्रामार्फत नको. २०,००० किंवा त्याहून जास्त बयाणा रोखीत द्यायचा नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) स्वतः नेमलेल्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्यानं सुचवलेल्याकडून नव्हे.

भांडणं बहुतेक बाहेर पडताना होतात. एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे असतात, दुसरा म्हणतो अजून भाव येऊ दे. दोन गुंठ्यांचा प्लॉट मधोमध तोडून कुणालाच उपयोग नसतो, आणि वाटपाचा दावा वर्षानुवर्षं चालतो. म्हणून वेगळ्या करारात लिहा : हिस्सा आधी दुसऱ्याला देऊ करायचा, किंमत रजिस्टर्ड व्हॅल्युअर ठरवेल, पैसे ९० दिवसांत, नाहीतर अख्खा प्लॉट विक्रीला. टोकन देण्याआधी त्यावर सह्या व्हाव्यात, आणि सह्यांआधी तो दोन्ही घरच्यांनी वाचावा.