कर्करोगाच्या रुग्णाची उदासी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमची थोडी कोरडवाहू शेती आहे. गालाच्या आतून कर्करोग निघाल्यामुळे नागपूरला त्यांचे ऑपरेशन झाले आणि नंतर शेक (रेडिएशन) दिला. आजार आटोक्यात असल्याचे डॉक्टर सांगतात. परंतु घरी आल्यापासून बाबा फारसे बोलत नाहीत, वावरात जात नाहीत, कोणी भेटायला आले की दुपट्ट्याने तोंड झाकून भिंतीकडे वळून निजतात. यंदा सोयाबीनची सोंगणी झाली, माल विकला, तरी भाव काय मिळाला हेही त्यांनी विचारले नाही. ‘माह्यावर पैसा घालू नका, पोरीच्या लग्नाले ठेवा,’ एवढेच म्हणतात. आम्ही त्यांना ‘गाठ होती, काढली’ असे सांगितले आहे. कॅन्सर हा शब्द घरात कोणी काढत नाही. नातेवाईक म्हणतात की एवढ्या आजारानंतर माणूस उदास राहणारच. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे तर गाव काय म्हणेल आणि गोळ्यांची सवय लागेल, अशी आईला भीती वाटते. आम्ही काय करावे?
– एक मुलगा, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सोयाबीनचा भाव वडिलांनी विचारला नाही, हे आपण आवर्जून लिहिलेत ते बरे केलेत, कारण आपल्या पत्रातील तीच गोष्ट मला सर्वांत अधिक सांगून गेली. भूक मंदावणे, वजन घटणे, झोप न लागणे आणि थकवा येणे ही लक्षणे कर्करोगामुळे आणि त्याच्या उपचारांमुळेही होतात. त्यामुळे केवळ त्यांवरून नैराश्य ओळखता येत नाही. परंतु ज्या कामात आयुष्य गेले त्यातून मन पार उठणे, आपण घरच्यांना ओझे झालो असे वाटणे, स्वतःलाच दोषी धरणे आणि पुढे काही चांगले घडेल ही आशाच न उरणे, या गोष्टी बहुतेक दिवसभर आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकून असतील, तर नैराश्याचा आजार आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेच लागते.

नातेवाईकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कर्करोगाचे निदान ऐकून दुःख होणे, भीती वाटणे, काही दिवस अन्न गोड न लागणे हे स्वाभाविकच आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ते ओसरू लागते. मात्र कारण समजते म्हणून उपचाराची गरज नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ऑपरेशननंतर वेदना होणार हे सर्वांना ठाऊक असते, तरी वेदनेचे औषध आपण नाकारत नाही. निरनिराळ्या देशांत रुग्णांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांत साधारणपणे दर सहा जणांमागे एकाला नैराश्य आणि दर दहा जणांमागे एकाला चिंताविकार असल्याचे त्यात आढळले. याचा दुसरा अर्थ असा की बहुसंख्य रुग्णांना हा आजार होत नाही, आणि म्हणूनच ‘कॅन्सर म्हटला की हे चालायचेच’ असे म्हणून ज्याला तो झाला आहे त्याला तसेच सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

यापुढचे आजच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरात किंवा गोठ्यात फवारणीची औषधे असतील तर ती आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवावीत. रोजच्या गोळ्यांचा साठाही आईने किंवा आपण स्वतःजवळ ठेवावा. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आत्महत्येचा धोका अधिक असतो आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात तो इतर अनेक कर्करोगांपेक्षा जास्त दिसतो. वडिलांजवळ एकांतात बसून स्पष्ट विचारावे : ‘बाबा, जगून काय करायचं, जिवाचं काही करून घ्यावं, असं कधी मनात येते काय?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही. उलट कोणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. उत्तर ‘हो’ असे आले किंवा त्यांनी उत्तर टाळले, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे नेताना कर्करोगाची सगळी कागदपत्रे सोबत ठेवावीत, कारण उदासीला हातभार लावणारी काही शारीरिक कारणे आधी शोधावी लागतात. मानेला शेक दिल्यानंतर काही महिन्यांनी थायरॉइड मंदावू शकते आणि त्यातून सुस्ती व खिन्नता येते. रक्ताच्या एका साध्या तपासणीत हे कळते. रक्त कमी असणे, दुखणे पुरेसे न थांबणे, केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडमुळे झोप उडणे, यांचाही विचार करावा लागतो. वडील खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खात असतील आणि तो एकाएकी सुटला असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतील चिडचिड आणि बेचैनी तंबाखू सुटल्याचीही असू शकते. त्यावर वेगळा उपचार आहे. घरात कोणी ‘खर्रा खाल्ला म्हणून भोगतो’ असे बोलत असेल, तर ते बोलणे कृपया थांबवावे. तो विचार त्यांच्या मनात रात्रंदिवस चालूच असणार.

आईंच्या भीतीबद्दल सांगायचे तर, नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची खर्रा किंवा दारूसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीचे काही दिवस मळमळ किंवा अस्वस्थता जाणवू शकते, आणि याच टप्प्यावर ‘फरक पडला नाही’ म्हणून पुष्कळ घरांत गोळ्या बंद होतात. बरे वाटू लागल्यावरही त्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. सवय लागण्याची भीती खरी आहे ती मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांबाबत. त्या कटाक्षाने टाळाव्यात. सौम्य नैराश्य असेल तर गोळ्यांशिवाय, समुपदेशनानेही गुण येतो.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. सेवाग्रामला आणि नागपूरच्या ‘मेडिकल’मध्येही ही सोय आहे. जाणे लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही बोलता येते. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. गावाच्या बोलण्याचा प्रश्न उरतोच, पण नागपूरला तपासणीसाठी जाता तेव्हा कर्करोगाच्या डॉक्टरांनाच ‘बाबांचे मन लागत नाही’ असे सांगितले, तर त्याच फेरीत मानसोपचारतज्ज्ञांची भेट होऊ शकते आणि गावाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

आता लपवण्याविषयी. आपण हे प्रेमापोटी केले आहे, यात शंका नाही. परंतु जो माणूस कित्येक आठवडे शेकाच्या रांगेत इतर रुग्णांबरोबर बाकावर बसला, त्याला आपला आजार कळला नसेल असे मला वाटत नाही. बहुधा त्यांना माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, आणि दोघेही एकमेकांना जपत गप्प आहेत. अशा वेळी रुग्ण आपली भीती कोणाजवळ बोलणार? एकदम सगळे सांगून टाकण्याची गरज नाही. ‘बाबा, हा आजार कायचा आहे असं तुम्हाले वाटते?’ असे विचारावे आणि ते जितके विचारतील तितकेच, पण खरे सांगावे. आजार आटोक्यात असल्याची चांगली बातमीसुद्धा आजाराचे नाव घेतल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पैशाविषयीही तसेच. ‘तुम्ही त्याची काळजी करू नका’ या उत्तराने कास्तकाराचे समाधान होत नाही, कारण घराचा हिशेब आयुष्यभर त्यांनीच केला आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाची ऑपरेशने, शेक व केमो यांचा त्यात समावेश आहे. योजनेतून किती खर्च झाला, घरातून किती गेला आणि किती देणे आहे, हे वहीत लिहून त्यांच्यासमोर ठेवावे आणि पुढच्या हंगामाबद्दल त्यांचा सल्ला घ्यावा.

तोंड झाकून निजण्यामागे चेहऱ्यातला बदल, लाळ गळणे, बोलणे अस्पष्ट होणे आणि चारचौघांत जेवता न येणे, यांची लाज असू शकते. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि गिळण्या-बोलण्याचे उपचार नागपूरला विचारून घ्यावेत. भेटायला येणाऱ्यांची गर्दी थोडी कमी करावी आणि त्यांच्या जवळच्या एका मित्राला रोज संध्याकाळी बोलवावे. प्रश्नांचा मारा न करता ते दोघे धुऱ्यापर्यंत चालत गेले, तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन आणि केमो पूर्ण होऊन आता आजार परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू आहे. तपासणीची तारीख जवळ आली की छाती धडधडते, रात्री दचकून जाग येते, अंग घामाने भिजते. दिवसातून अनेकदा गाठ चाचपून पाहते. घरचे म्हणतात, ‘सारं नीट झालं, आता काय झालं तुले?’
– एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : ताई, उपचार संपल्यानंतर भीती वाढणे हे विचित्र नाही. केमो चालू असते तेव्हा पुढची तारीख ठरलेली असते आणि डॉक्टर वरचेवर भेटतात; ते थांबले की आजार परत येईल का, हा प्रश्न एकटीच्या वाट्याला येतो. यातील काही त्रास गोळीचाही असू शकतो, कारण टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होणे, घाम येणे आणि झोप मोडणे हे होते. दोन्हींवर उपचार आहेत. मात्र जो कोणी डॉक्टर चिंतेसाठी गोळी लिहून देईल त्यांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे अवश्य सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे शरीरात टॅमॉक्सिफेन सक्रिय होण्याच्या क्रियेत अडथळा आणतात, त्यामुळे डॉक्टर सहसा दुसरे औषध निवडतात. एकाएकी दम लागला, छातीत दुखले किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याला चिंता समजू नका, ताबडतोब रुग्णालयात जा; या गोळीमुळे क्वचित रक्ताची गुठळी होते.

चाचपून पाहण्याने क्षणभर बरे वाटते आणि थोड्या वेळाने भीती दुप्पट होते. त्यामुळे महिन्यातून एक दिवस ठरवून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तपासा. मधल्या दिवसांत हात गेला तर मोठ्याने स्वतःला ती तारीख सांगा आणि हातातले काम पुढे न्या. मनातले प्रश्न वहीत लिहून तपासणीच्या दिवशी डॉक्टरांसमोर ठेवा. ही भीती मुळापासून जाईल असे वचन मी देणार नाही. परंतु झोप, काम आणि जेवण तिच्या ताब्यात राहू नये, एवढे उपचाराने नक्की साधते.

प्रश्न : पतींना अन्ननलिकेचा कर्करोग आहे. रात्री मी जागते, दिवसा मजुरीला जाते. हल्ली मलाच रडू येते, पण हे सांगायला लाज वाटते.
– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनाही नैराश्य येते, ताई, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. गावातल्या आशाताईंना तुमच्या झोपेबद्दल सांगा. पतींना पाहण्यासाठी त्या येतील तेव्हा तुमचीही विचारपूस व्हावी, असे त्यांना म्हणा. दुखण्यामुळे पती रात्री जागत असतील तर वेदनेचे औषध वाढवता येते, हे कर्करोगाच्या डॉक्टरांना पुढच्या फेरीची वाट न पाहता कळवा. त्यांची वेदना थांबली तर तुम्हालाही झोप मिळेल. आणि दीर, नणंद, भाऊ यांपैकी जे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून गेले आहेत, त्यांना नेमके सांगा की आठवड्यातून दोन रात्री येऊन जागा.