शेडला आग लागली, आता नट-बोल्टचं काय?

प्रश्न : सांगलीत आमचं हळदीचं गोडाऊन आहे, लोखंडी शेड. बारदानाला आग लागली, विझली, गर्डर जरा वाकलेत पण शेड उभी आहे. फॅब्रिकेटर म्हणतोय रंग मारून वापरा. चालेल का?

उत्तर : रंगाचं नंतर बघू, आधी जॉइंट, म्हणजे गर्डर जिथं बोल्टनं जोडलेत ती जागा बघा. ६०० डिग्रीला साध्या स्टीलची ताकद निम्म्यावर येते, पण हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टची पाव भागाच्याही खाली जाते, म्हणजे गर्डरच्या आधी बोल्टच दम सोडतो. आणि खरी गंमत आग विझल्यावर असते बघा. १० मीटरचा गर्डर ५०० डिग्रीने तापला तर ६ सेंटीमीटर वाढायला बघतो, दोन्हीकडून अडवलेला असल्यामुळं तिथंच दबून वाकतो, आणि मग गार होताना आखडतो तो सगळा ताण जॉइंटवर येतो. इंग्लंडात कार्डिंग्टनला १९९०च्या दशकात आठ मजली स्टीलची बिल्डिंग मुद्दाम पेटवून टेस्ट केली, तिथं काही एंड प्लेट, म्हणजे गर्डरच्या टोकाला वेल्ड केलेल्या बोल्ट बसवायच्या प्लेट, गार होतानाच वेल्डजवळ फाटल्या होत्या.

तेव्हा बोल्टचं भोक लांबट झालंय का, प्लेट वेल्डजवळ चिरलीय का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तापलेले बोल्ट परत वापरू नका, नवे आणा, त्यात कसली काटकसर! आणि तोवर शेडखाली माणूस नको, माल तर नकोच.