नियतिवाद की नियतत्ववाद?

प्रश्न असा आहे: मानसशास्त्राच्या टिपणांचं मराठी करताना 'डिटर्मिनिझम'साठी (सगळं आधीच्या कारणांनी ठरतं हे मत) 'नियतिवाद' आणि 'फ्री विल'साठी (काय करायचं ते आपण स्वतः ठरवू शकतो ही कल्पना) 'मुक्त इच्छा' लिहिलं, तर चालेल का? उदाहरणादाखल दिलेलं वाक्य वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरबद्दल आहे, 'स्किनर नियतिवादी होता.'

माझ्या मते हे वाक्य विद्यार्थ्याला चुकीच्या गावी नेऊन सोडेल. नियम, नियत आणि नियती हे तिन्ही शब्द 'यम्' म्हणजे आवरणे या धातूचे. पण मराठीत नियतीला मन असतं. 'नियतीच्या मनात वेगळंच होतं' असं आपण सहज म्हणतो. नियतिवादालाही जुना इतिहास आहे. बुद्ध-महावीरांच्या काळातला आजीवक पंथाचा आचार्य मक्खली गोसाल म्हणे की, फेकलेला सुताचा गुंडा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसा जीवाचा फेरा ठरल्याप्रमाणेच संपतो. माणसाच्या प्रयत्नाने त्यात काही फरक पडत नाही.

स्किनरचं म्हणणं याच्या जवळपासही नाही. वागण्याला कारणं असतात, आधी कशामागून काय पदरात पडलं यावर पुढचं वागणं घडतं, एवढंच तो सांगतो. म्हणून तर परिस्थिती बदलून वागणं बदलता येईल अशी त्याची खात्री होती आणि १९५० च्या दशकात त्याने मुलांसाठी शिकवण्याची यंत्रं तयार केली. दैववाद विरुद्ध प्रयत्नवाद ही जोडी आपल्या शाळेतल्या निबंधांपासून डोक्यात बसलेली असते. 'नियतिवादी' वाचलं की विद्यार्थी स्किनरला दैववाद्यांच्या पंगतीत बसवणार, आणि तो तर तिथला नव्हेच. 'नियतत्ववाद' उच्चारायला जड आहे खरा, पण त्यात फक्त 'नियत असणं' आहे, ते ठरवणारी कुणी नियती नाही.

आता 'मुक्त इच्छा'. इथे मराठीची क्रियापदंच कौल देतात. आपल्याला इच्छा 'होते', संकल्प मात्र आपण 'करतो'. मेंदूचा अभ्यास करणारा अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट याचा १९८३ चा प्रयोग पाहा. मनात येईल तेव्हा हात हलवा, असं त्याने लोकांना सांगितलं. 'आता हलवावा' ही जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी झाली, पण मेंदूतली तयारी त्याही आधी, हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद अगोदर, सुरू झालेली दिसली. म्हणजे त्याने वेळ मोजली ती इच्छा 'झाल्याची'! ती झाल्यावरही हात थोपवता येतो, असं लिबेट स्वतः मानत असे. वाद आहे तो या थोपवण्यावर, ठरवण्यावर. म्हणून 'इच्छास्वातंत्र्य' रुळलेलं असलं तरी मी 'संकल्पस्वातंत्र्य' निवडेन. 'मुक्त इच्छा' ही नुसती शब्दाला शब्द लावलेली जोडी आहे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'माणसाचं वागणं आधीच्या कारणांनी ठरतं असं स्किनर मानत असे; संकल्पस्वातंत्र्य त्याला मान्य नव्हतं.' नियतत्ववाद हा शब्द त्यानंतरच्या वाक्यात आणा.