अमेरिकेत तिसऱ्या पक्षाचा किंवा अपक्ष उमेदवार राष्ट्राध्यक्ष का होत नाही?

गणितच तसं आहे. १९९२ साली टेक्ससचे अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष उभे राहिले. टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून सरकारी कर्जाचा हिशेब मांडला आणि जवळपास १९ टक्के मतं खेचली. इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेली मतं? शून्य! मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पहिला, त्याच्याच पदरात सगळी इलेक्टोरल मतं. बाकीच्यांच्या हाती धुपाटणं.

मग उरतं मतं खाण्याचं काम, जे आपल्याला काही नवीन नाही. २००० साली फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहून जिंकले. ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरना तिथे ९७ हजारांवर मतं होती. डेमोक्रॅट अजून त्यांच्या नावाने बोटं मोडतात. बर्नी सँडर्ससारखा अपक्ष सिनेटरही राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटांच्याच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत उतरला, तो उगाच नाही.