बॉनेटखालचा गंज आणि खारं वारं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गंजाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय, पत्रांचा ढीग पडला, आणि जवळपास सगळी समुद्राकाठी राहणाऱ्यांची. सगळी छापणं जमणार नाही म्हणून तेच तेच प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: गाडी घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली, समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर. परवा वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं तर बिजागऱ्या, बॅटरीचा ट्रे, बोल्टांची डोकी सगळं तांबूस! इंजिनवर पाणी मारायचं नाही असं मेकॅनिकने बजावलेलं म्हणून मी एक थेंब पडू दिला नाही, मग गंज आला कुठून?

उत्तर: एक थेंब पडू दिला नाहीत ना, तिथेच घोळ झाला. लाट फुटली की बारीक तुषार हवेत उडतात, त्यातलं पाणी सुकतं आणि मीठ वाऱ्याबरोबर फिरत राहतं. ते ग्रिलमधून आत येतं, रेडिएटरचा पंखा तर ते ओढूनच घेतो, आणि छतावरचं मीठ निदान पावसात धुतलं जातं, पण बॉनेटखाली पावसाचं पाणी थेट पोचत नाही त्यामुळे आतलं तसंच साचत जातं. बरं, मीठ नुसतं बसून राहत नाही. डब्याचं झाकण उघडं राहिलं की मीठ कसं ओलं होतं, तसंच इथे होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे तुमच्या डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असतो. खात्री करायचीय? काळं फडकं ओलं करून रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर फिरवा आणि वाळू द्या, पांढुरके डाग दिसले की समजा.

तेव्हा धुवायचंच, फक्त पद्धतीने. इंजिन पूर्ण गार पाहिजे, तापलेल्या लोखंडी मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), एअर फिल्टरचं तोंड आणि फ्यूज बॉक्स यांना प्लास्टिकच्या पिशव्या घालून रबर लावा. मग साध्या पाइपने हळू धार सोडायची, पाणी गोडं पाहिजे (विहीर खारी असेल तर काय उपयोग!). प्रेशर वॉशर अजिबात नको, तो जोराचा फवारा रबरी सील ओलांडून कनेक्टरच्या आत घुसतो आणि मग आठवडाभर कुठला तरी दिवा उगाच लागत राहतो. मेकॅनिकचं म्हणणं या बाबतीत चुकीचं नव्हतं, त्याने अर्धंच सांगितलं. नंतर ब्लोअरने कोनेकोपरे सुकवा, पिशव्या काढा (मी एकदा एअर फिल्टरच्या तोंडावरची विसरलो होतो, इंजिन घुसमटलं तेव्हा आठवलं), आणि बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, हात पंख्या-बेल्टपासून लांब. महिन्यातून एकदा पुरे, अगदी किनाऱ्याला लागून असाल तर मधे मधे नुसतं ओलं फडकं फिरवा. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींच्या आसपास पाणी नकोच, आणि कुठलीही गाडी असो, आधी गाडीचं पुस्तक वाचा.

आणि हो, काचेखालच्या जाळीत पाला साचून पाणी निघायची भोकं बुजतात, ती पण बघा.

प्रश्न: मी दर महिन्याला बॉनेटखाली सगळीकडे गंजावरचा तेलकट स्प्रे मारतो तरी बोल्ट लाल होतायत. स्प्रे नकली असेल का?

उत्तर: नसावा. आधी सांगा, मारायच्या आधी धुता का? मिठावर तेल मारलं तर मीठ तेलाखाली बंद होतं आणि आत निवांत काम करत राहतं. दुसरं, ते पातळ स्प्रे पाणी हटवायला आणि अडकलेला बोल्ट सैल करायला झकास, पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि उरतो तो अगदी पातळ थर. टिकायला हवं असेल तर लॅनोलिनचा नाहीतर मेणाचा स्प्रे घ्या. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चिकट चरबी, मेंढी पावसात भिजून आतपर्यंत ओली होत नाही ती त्याच्यामुळे. बिजागऱ्या, बॉनेटचा खटका, ब्रॅकेटचे सांधे, उघडे बोल्ट इथे मारा. बेल्टवर नाही, ब्रेकवर नाही, एक्झॉस्टवर तर मुळीच नाही, धूर होईल आणि नशीब वाईट असेल तर पेट पण घेईल. काही प्रकारचं रबर लॅनोलिनने फुगतं, म्हणून रबरी होज पुसून घ्या. त्या चिकटपणावर धूळ बसून काळपट दिसेल, दिसू दे.

प्रश्न: बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी येते, मी खरवडून काढतो, पुन्हा येते. आणि हल्ली रात्री हेडलाइट मंद वाटतात. दोन्हीचा संबंध आहे का?

उत्तर: असू शकतो. ती बुरशी नाही, बॅटरीतून झिरपलेलं आम्ल टर्मिनलच्या धातूला खातं त्याचे क्षार आहेत, आणि खारी हवा त्यात भर घालते. कोरडं खरवडू नका, ती पूड डोळ्यात गेली तर वाट लागेल. चष्मा, हातमोजे घाला. आधी मायनस काढायची, मग प्लस, आणि लावताना मायनस शेवटी. कारण साधं आहे, मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसणं थांबलं की गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, तारेच्या ब्रशने चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. हा क्रम उलटा करून आधी भरपूर ग्रीस थापणारे लोक आहेत, तसं करू नका, धातू धातूला नीट टेकला पाहिजे.

हेडलाइटसाठी माझा संशय अर्थिंगवर. मायनसची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने बसते तो बोल्ट काढून बघा, वायरच्या कडीखाली बऱ्याचदा लाल भुगा सापडतो. वरून सगळं ठीकठाक दिसतं आणि आत करंट जायला जागाच नसते. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासा, आवळा, वरून ग्रीस. मग पण मंदच राहिले तर अल्टरनेटर तपासून घ्या.

प्रश्न: अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधला लोखंडी बोल्ट निघतच नाही, भोवती पांढरी पूड आहे. अॅल्युमिनियमला तर गंज लागत नाही ना?

उत्तर: लाल लागत नाही, पांढरा लागतो. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली, त्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि ती पूड आट्यांत फुगून बोल्ट जाम करते. ताकद लावलीत तर डोकं तुटेल. गंज सैल करणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, मग पुढे-मागे थोडं थोडं फिरवत काढा. नवीन बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा, पण वंगण असलं की तोच बोल्ट सहज जास्त आवळला जातो, हात आखडता ठेवा.

प्रश्न: गाडीवर कव्हर घालावं का?

उत्तर: हवा जाणारं असेल तर घाला. प्लास्टिकचं नको, आत घाम धरतं. ओल्या गाडीवर कुठलंच नको.

प्रश्न: बॅटरीला जोडायचं गंजरोधक इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्यावं का? जहाजांना लावतात म्हणे.

उत्तर: जहाज पाण्यात बुडालेलं असतं म्हणून ते जमतं, पाण्यातून करंटला वाट मिळते. गाडी हवेत उभी असते, ती वाट येणार कुठून? ते पैसे मेणाच्या स्प्रेवर घाला.

प्रश्न: सस्पेन्शनच्या वरच्या टोपीपाशी रंगाला फुगे आलेत. गंज काळा करणारं लिक्विड लावू का?

उत्तर: आधी फुगा फोडून बघा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून रंग वर उचलला जातो, आणि फुगा दिसतो त्यापेक्षा आतला पसारा मोठा असतो. पोपडे तारेच्या ब्रशने काढा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण सुकवा. त्या लिक्विडमध्ये टॅनिक नाहीतर फॉस्फोरिक आम्ल असतं, ते घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर चालतं, सुट्या भुग्यावर नाही. काळं झाल्यावर प्राइमर आणि रंग हवाच, नुसतं तसंच ठेवलंत तर काही महिन्यांत पुन्हा लाल. मात्र स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा दबला किंवा आरपार गेला तर रंगरंगोटी सोडा आणि वेल्डिंगवाल्याकडे न्या, सस्पेन्शनचा सगळा भार तिथेच येतो. आणि त्याच कोपऱ्यातून ब्रेकचा लोखंडी पाइप जात असेल आणि त्याच्यावर खवले धरले असतील तर तो घासत बसू नका, बदलूनच टाका.